यूपीएस की इन्व्हर्टर: माडीवरच्या कॉम्प्युटरसाठी

घरात बसून कॉम्प्युटरवर पोट भरणारा बेळगावातला माणूस वळवाच्या पहिल्या पावसातच या प्रश्नापाशी येतो. टेबलाखाली छोटा यूपीएस (करंट गेला की काही मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) ठेवावा, की घराला इन्व्हर्टर बसवून त्याचीच एक लाईन टेबलापर्यंत आणावी? मी दोन्ही वापरले आहेत. आधी यूपीएस पाच वर्षं, नंतर इन्व्हर्टर. त्यामुळे माझं पारडं कुठं झुकतं ते लपणार नाही, पण यूपीएसची बाजूही हातचं न राखता सांगतो.

आधी घर कसं आहे ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर. पुढं सोपा, मागं परडं, वर माडी, भिंती हातभर जाड. नेटच्या फायबरची तार रस्त्याकडून येते म्हणून तिची डबी आणि राउटर सोप्यात, दाराच्या चौकटीवर. माझं टेबल माडीवर, कारण खाली टीव्ही आणि आईकडे येणाऱ्या-जाणाऱ्या बायका. काम दहा-बारा व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं. जीएसटी भरणाऱ्यांना महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्नची मुदत, म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

यूपीएसचं कौतुक आधी. ६०० व्हीएचा (व्हीए हे ताकदीचं माप) डबा दुकानातून आणला, पिन लावली, झालं. वायरमनची वाट बघणं नाही, भिंत फोडणं नाही. करंट गेला तरी स्क्रीन लुकलुकतसुद्धा नाही. आत बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. माझा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून त्यावर नवा असताना पंधरा मिनिटं चालायचा. फाईल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुष्कळ. दोन-अडीच वर्षांनी ती पंधराची चार मिनिटं झाली, आणि ते कळलं कधी, तर करंट गेल्यावर. ही बॅटरी मरताना कुणाला सांगत नाही. महिन्यातून एकदा मुद्दाम स्विच बंद करून बघा, म्हणजे फसगत होणार नाही. बॅटरी बदलणं स्वस्त आहे, स्क्रू-ड्रायव्हर धरता येणाऱ्याला घरी जमतं.

पण यूपीएसवरून माझं मन उडालं ते बॅटरीमुळे नाही. आमच्याकडे पावसाळ्यात करंट तासभर जातो ते कमी वेळा. जास्त वेळा तो नुसता डोळा मिचकावतो. जोराचा वारा सुटला, तारेवर फांदी टेकली, की एक सेकंद गेला, आला. माडीवर यूपीएस ‘टिक्’ करायचा, कॉम्प्युटर जागचा हलायचा नाही, आणि मी खुशीत पुढं टाईप करायला लागायचो. तोवर खाली सोप्यात राउटर आणि फायबरची डबी दोन्ही बंद पडून नव्यानं उठत असायची. त्यांचे दिवे लुकलुकत लुकलुकत स्थिर व्हायला माझ्याकडे तीन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. सेकंदाच्या मिचकावण्याला तीन मिनिटांचा दंड. एकदा २० तारखेला संध्याकाळी एकच रिटर्न भरताना हे चार वेळा झालं. ओटीपी फोनवर आलेला, पोर्टलवर टाकायची चौकट उघडलेली, आणि नेटच नाही. पान पुन्हा उघडावं तर लॉगिन पहिल्यापासून. चौथ्या वेळी मी माडीच्या जिन्यावर डोकं धरून बसलो होतो आणि आई खालून विचारत होती, ‘अरे, लाईट आहे की, मग काय झालं?’

म्हणजे मी पैसे घातले कॉम्प्युटर वाचवायला, आणि खरं काम अडत होतं चौकटीवरच्या दोन डब्यांमुळे.

त्या डब्यांसाठी वेगळा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, पाठ्यपुस्तकाएवढा. तोही आणून बघितला. चालतो चांगला, दोनेक तास नेट टिकतं. राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्यायचा, एवढंच. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी आजही हीच जोडी सांगेन: टेबलाखाली यूपीएस, राउटरला हा छोटा यूपीएस. मला मात्र घरात तीन वेगळ्या वयाच्या बॅटऱ्या सांभाळायचा कंटाळा आला. तिसरी म्हणजे आईसाठी ठेवलेला इमर्जन्सी दिवा.

इन्व्हर्टर घेतला तो साईन वेव्हचा, म्हणजे मेनसारखीच लहर देणारा, १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीसह. मला सगळं मिळून यूपीएसच्या सहापट खर्च आला. बॅटरी जिन्याखाली ठेवली. तिथं हवा खेळती आहे. झोपायच्या खोलीत ही बॅटरी ठेवू नये, चार्ज होताना तिच्यातून गॅस सुटतो. वायरमन मामांनी इन्व्हर्टरपासून सोप्यातल्या राउटरच्या बोर्डाला आणि माडीवरच्या टेबलाला स्वतंत्र वायर ओढली. याचा आग्रह धरा. नाहीतर घरोघरी इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना जोडलेला असतो आणि कॉम्प्युटरचा सॉकेट तसाच कोरडा राहतो.

पहिले पंधरा दिवस मी इन्व्हर्टरला शिव्या घातल्या. राउटर टिकायचा, पण करंट गेला की कॉम्प्युटर रिस्टार्ट. वीस हजारांच्या घरात खर्च करून यूपीएसपेक्षा वाईट! मामा आले, इन्व्हर्टर भिंतीपासून ओढला आणि पाठीमागचं बोटाच्या पेराएवढं बटण ‘नॉर्मल’वरून ‘यूपीएस’वर सरकवलं. झालं. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःच्या साठ्यावर सेकंदाचा साठावा भाग कसाबसा तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण शंभराव्या भागात बदली करतो, नॉर्मलमध्ये त्याहून बराच रेंगाळतो. ‘सर, हे बटण कोण बघतच नाही बघा,’ मामा म्हणाले. मी पण बघितलं नव्हतं, मॅन्युअल अजून पिशवीतच होतं.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. मिचकावण्याचा आता पत्ताच लागत नाही. एकदा फीडरच्या कामासाठी सकाळी दहा ते दोन करंट बंद होता, तरी एक पंखा, दोन दिवे, राउटर आणि कॉम्प्युटर धरून चार तास काम झालं. लेझर प्रिंटर मात्र मी सरळ मेनवरच ठेवलाय. तापताना तो एका झटक्यात एवढं ओढतो की यूपीएस काय, इन्व्हर्टरही कुरकुरतो.

इन्व्हर्टरचा जाच नाही असं म्हणणार नाही. तीन-चार महिन्यांनी बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं. बिलाचंही बघा. २०२३ च्या जुलैपासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांच्या आतल्या घरांना वीज मोफत आहे, पण बहुतेक घरांची मर्यादा ठरते २०२२-२३ मधल्या त्यांच्या महिन्याच्या सरासरीवर अधिक दहा टक्के. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दोन-अडीच युनिटं जातात, आणि भरलेली असली तरी इन्व्हर्टर थोडं थोडं खातच असतो. काठावर असलेल्या घराला हे जाणवेल. आमचं घर काठावर नव्हतं, म्हणून मला सांगायला सोपं.

दोन्हींपैकी काहीही घ्या, अर्थिंग आधी बघा. आमच्या घरात तीन भोकांचे सॉकेट होते पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. पावसाळ्यात अनवाणी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या. टेस्टर लावला तर दिवा लागायचा. बिघाड कुठलाच नव्हता. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरची गळती अर्थिंग नसल्यामुळे पत्र्यावर येऊन बसते. परड्यात खड्डा काढून मीठ-कोळसा घालून पाईप पुरला आणि झिणझिण्या थांबल्या. आमची लाल माती मार्चनंतर खडखडीत वाळते, म्हणून उन्हाळ्यात आई तुळशीबरोबर त्या पाईपलाही तांब्याभर पाणी घालते.

वायफायचं मी जास्त बोलत नाही. हातभर भिंतीतून ते माडीवर पोचत नाही, पोचलं तर दमून पोचतं. सोप्यापासून वीसेक मीटर कॅट-६ (नेटची) केबल ओढली. पहिल्यांदा स्वस्तातली आणली, ती निघाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम. वर्षात क्लिपपाशी एक तार तुटली, चारपैकी एक जोडी गेली आणि हजार एमबीपीएसचा वेग गुपचूप शंभरावर आला. मी महिनाभर नेटवाल्याशी भांडत होतो. आता शुद्ध तांब्याची घातलीय, विजेच्या वायरीपासून वेगळ्या पट्टीतून आणि घराच्या आतूनच. बाहेरून परड्यावरून नेलेली केबल वळवाच्या विजेत राउटरचं पोर्ट घेऊन गेल्याचं शेजारी बघितलंय.

एक गोष्ट माझ्या पसंतीच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. खानापूरकडे भाच्याचं घर आहे. तिथं संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली येतं. यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर तेवढ्यावर करंट गेलाच असं धरतो आणि बॅटरीवर उडी मारतो; रात्री आठपर्यंत बॅटरी अर्धी. नॉर्मल मोडवर ठेवावं तर कॉम्प्युटर रिस्टार्ट. टेबलाखालचा लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस तिथं जास्त शहाणा, तो कमी व्होल्टेज आतल्या आत वर उचलतो, बॅटरीला हात न लावता. म्हणून माझा जुना यूपीएस नवी बॅटरी घालून मी त्यालाच दिला. राउटरचा छोटा यूपीएस त्याचा त्यानं घेतला.