डेमो माझ्याच रायफलवर झाला अन् तरी मी फसलो

मागच्या आठवड्यात आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका पोराचा मेसेज आला. भाऊ, तुमच्या एअरगनच्या पुढे ते काळं नळकांडं लावलेला फोटो पाहिला, कुठून घेतलं, मलापण एकानं रविवारी हिंगणा रोडला डेमोला बोलावलंय. तो फोटो डिलीट करायचाच राहून गेला होता माझा. वर्षभर लाजेपायी घरचे अन् वकील-पोलीस सोडून कोणाला सांगितलं नाही, पण डेमो, हिंगणा रोड, रविवार सगळं तेच दिसलं म्हणून आता लिहूनच टाकतो. २२ हजाराला बसलो राजेहो, अन् डोळे उघडे ठेवून बसलो.

सुरुवात झाली २०२४ च्या ऑगस्टात. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळालं तेव्हा माझा भाचा अन् मी दोघंही वेडे झालो. क्लब लावायला वेळ नाही, म्हणून आपल्याकडची साधी स्प्रिंगवाली, बॅरल मोडून (म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवून) भरायची .१७७ एअर रायफल घेतली. (२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची अन् २० ज्यूलच्या आतली असली की लायसन्स लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा, पुढे येतंच ते.) काटोलला काकांची संत्र्याची वाडी आहे, तिथं धुऱ्यावर मातीचा मोठा ढीग आहे, त्याच्यासमोर कागद लावून २० मीटरवरून मारायचं. शिकार वगैरे काही नाही, ती १९७२ च्या कायद्यानं बंदच आहे अन् पेंच-ताडोब्याच्या मधोमध राहणाऱ्या माणसानं तर तो विचारही करू नये. कागद अन् कोल्ड्रिंकचे डबे, बस एवढाच शौक.

तर आमचे दहा छर्रे बशीएवढ्या जागेत पसरायचे. आता यात चूक कोणाची, हाताची, बंदुकीची का छर्ऱ्याची, हे शोधायला पाहिजे होतं. मी काय केलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अमेरिकेतल्या शिकारी रायफलींचे व्हिडिओ पाहिले. तिथं जो तो रायफलच्या तोंडाशी मझल ब्रेक (झटका कमी करायचं भोकांचं नळकांडं) लावतो, वर भलामोठा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, अन् १०० यार्डावर तीन गोळ्या एकमेकीला चिटकून. माझ्या डोक्यात बसलं की आपल्याले हेच पाहिजे.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवरून हा माणूस भेटला. पस्तिशीचा असंल, डोक्यावर टोपी, लय नम्र, सगळ्यांना दादा म्हणणारा. म्हणे फॉरेनच्या हंटिंग रायफलला जे बसवतात तेच तुमच्या गनला बसवून देतो, स्कोप साडेचौदा हजार, ब्रेक साडेपाच हजार, फिटिंगचे दोन हजार. अन् सगळ्यात भारी म्हणजे, आधी डेमो पाहा, तुमच्याच रायफलवर, नाही पटलं तर एक रुपया देऊ नका. आता सांगा, असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल बे?

डिसेंबरचा रविवार, हिंगणा रोडच्या आतल्या बाजूला एक कंपाउंड केलेला प्लॉट. यानं थर्मासमध्ये चहा आणलेला अन् सोबत तर्री पोहे. नागपूरच्या माणसाला थंडीत सकाळी तर्री पोहे दिले की अर्धा सौदा तिथंच होतो. आधी त्यानं माझी रायफल घेतली, "जरा पाहू द्या दादा" म्हणून उलटीपालटी केली, पुसली, मग माझ्याच डब्यातले दहा छर्रे मारले. ग्रुप, म्हणजे दहा छिद्रांचा पसारा, सात सेंटीमीटरच्या आसपास. मान हलवून म्हणे, पाहा, बॅरलमध्ये दम आहे पण कंट्रोल नाही. मग गाडीच्या डिक्कीवर ठेवून वीसेक मिनिटं फिटिंग चाललं. परत २० मीटरवरून दहा मारले अन् भाच्याला म्हणे, खिशात दहाचं नाणं आहे का? ठेव त्याच्यावर. नाणं ठेवलं, सगळी छिद्रं झाकली. मी १० हजार कॅश दिले अन् १२ हजार तिथंच यूपीआय केले. नाव भलत्याच बाईचं आलं, तो म्हणे बहिणीचं अकाउंट आहे. तेही पटलं मला.

बिल मागितलं तेव्हा मात्र त्यानं जे केलं त्याला मी आजपण मानतो. खांद्यावर हात ठेवला, आवाज बारीक केला. म्हणे दादा, माल बाहेरचा आहे, कस्टमचं लफडं असते, बिल नसते याला. अन् हे पुढचं जे आहे ना, ते आवाजपण थोडा कमी करते, तर जास्त कोणाला दाखवत फिरू नका. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू, भारी वाटलं. आपल्याकडं काहीतरी खास आलं असं वाटलं. त्यानं तिथंच माझं तोंड शिवून टाकलं हे कळायला मला तीन महिने लागले.

पुढच्या रविवारी काटोलला गेलो. पहिले चार-पाच बरे गेले, मग एक वर, एक डावीकडं, दोन तर कागदालाच लागले नाहीत. पहिले असं कधीच होत नव्हतं, बशीच्या बाहेर कधी जात नव्हते! काका खाटेवर बसून पाहून राहिले होते. त्यांच्याकडं ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ रायफल आहे, लायसन्सची, वर्षानुवर्षं स्कोपशिवाय, साध्या माशी-साइटवर नेम धरून चालवलेली. डेमोच्या आधी मी त्यांना म्हटलंही होतं की तो माणूस तुमच्या रायफललापण पुढं आटे पाडून ब्रेक लावून देतो म्हणतो. तर ते भडकलेच, म्हणे लायसन्स नसलेल्या माणसानं माझ्या बंदुकीच्या नळीला हात लावला तर तो आत अन् मीपण आत, अन् लायसन्स जाईल ते वेगळंच. आता ते उठून आले, म्हणे, "अबे, तोंडात पाहून तं घे तिच्या."

बॅरल मोडली, छर्रा नाही हे दोनदा पाहिलं, अन् मागून मोबाईलचा टॉर्च लावून दुसऱ्या बाजूनं नळकांड्याच्या तोंडात पाहिलं. बाहेर पडायचं भोक गोल दिसायला पाहिजे तर ते एका बाजूनं कापलेल्या चंद्रासारखं दिसत होतं, अन् त्या बाजूच्या कडेला पेन्सिलीनं घासल्यासारखा चकचकीत राखाडी पट्टा. शिसं. छर्रा बाहेर पडताना तिथं घासून जात होता. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, सहा-साडेसहाचं भोक, नळकांडं केसभर तिरपं झालं की संपलं. अन् ते तिरपं होणारच होतं, कारण ते आट्यांवर नव्हतंच, दोन बारक्या स्क्रूंवर नुसतं आवळलेलं, अन् या रायफलीत दरवेळी बॅरलच्या टोकाला धरून, पूर्ण जोर लावून ती खाली मोडावी लागते. म्हणजे दर छर्ऱ्याला मीच ते वाकवत होतो.

आतमध्ये काही नव्हतंसुद्धा. मी कापून पाहिलं नंतर. ॲल्युमिनियमचा पोकळ पाइप, बाजूला शोभेची भोकं. मोठ्या रायफलचा ब्रेक काय करतो तर जळालेल्या बारुदाचा गॅस बाजूला फेकतो, त्यानं झटका कमी होतो, नेमबाजाचा डोळा लक्ष्यावरून कमी हलतो. ग्रुप तो स्वतः लहान करत नाही, वरून आवाज कानठळ्या बसवणारा होतो. .३०-०६ च्या एका काडतुसात तीन ग्रॅमच्या वर बारूद असते, अन् गोळी साधारण ३८०० ज्यूलनं निघते. आपल्या स्प्रिंगवालीत २० ज्यूलसुद्धा नाही, बारूद नाही, एक फुंकर हवा. तो ब्रेक वळवणार काय? टोकाला वजन वाढलं म्हणून छर्रा लागायची जागा थोडी बदलते, तेवढंच. हे सगळं मला पैसे दिल्यावर कळलं, असो.

स्कोपचं तर विचारूच नका. त्यावर मोठ्या कंपनीचं नाव होतं, ते जानेवारीत रुमालाला लागून निघालं. २० मीटरवर चित्र धूसर. गाल थोडा इकडंतिकडं केला की स्कोपमधली नेमाची फुली कागदावर चालायला लागायची, त्याला पॅरलॅक्स म्हणतात. शिकारी रायफलीचे असले स्कोप १०० यार्डाला फिक्स असतात, त्यातून २० मीटरवर पाहिलं अन् काच ४० मिलिमीटरची असली तर डोळा सरकल्यानं जास्तीत जास्त दीड सेंटीमीटरची चूक एकट्या यातूनच होऊ शकते. एअरगनच्या स्कोपला म्हणून पुढं फिरवायची रिंग असते, दहा-पंधरा मीटरपर्यंत फोकस आणता येतो. याला रिंग होती, पण फिरवली की नुसती फिरायची, आत काहीच जोडलेलं नव्हतं!

मग स्कोपची परीक्षा घेतली. नेम सरकवायला त्याच्यावर चकत्या असतात, त्या क्लिक-क्लिक करत फिरतात. एकाच ठिपक्यावर नेम धरायचा, २० क्लिक उजवीकडं, २० वर, २० डावीकडं, २० खाली, दर वळणावर छर्रे मारायचे. पाव मिनिटाच्या (हा कोनाचा मिनिट, घड्याळाचा नाही) क्लिकनं २० मीटरवर तीनेक सेंटीमीटर बाजूचा चौकोन यायला पाहिजे अन् शेवटचा छर्रा पहिल्याच्या जागी. माझा चौकोन नाही, शंकरपाळा आला, अन् शेवटचा दोन सेंटीमीटर बाजूला. दोन-अडीचशे छर्ऱ्यांनंतर हलवलं की आत खुळखुळ आवाज. स्प्रिंग एअरगनचा झटका दोनदा येतो, पिस्टन पुढं जाताना बंदूक मागं, अन् पिस्टन थांबला की बंदूक पुढं. नुसता मागचा झटका धरून बनवलेल्या स्कोपचं पोट त्या दुसऱ्या झटक्यानं सुटतं. यात तर पोटच नव्हतं म्हणा.

पण मग डेमोला नाण्याखाली दहा छर्रे गेले कसे? हेच डोक्यातून जात नव्हतं. स्कोप नवा होता अन् काही क्लिक करायचे नव्हते, ठीक, पण सातावरून पावणेतीनवर? उत्तर भाच्याच्या मोबाईलमध्ये होतं. पोरानं रील करायला अख्खा डेमो शूट केलेला. आम्ही दोघं होळीच्या सुट्टीत तो मोठ्या टीव्हीवर लावून बसलो. पहिल्या दहाच्या आधी तो रायफल पुसतोय, पाठ आमच्याकडं, अन् कोपरापासून उजवा हात गोल फिरतोय. पुसताना हात असा फिरत नाही. भाचा म्हणे, मामा, याच्या हातात ॲलन की (स्क्रू फिरवायची षटकोनी चावी) आहे. थांबवून थांबवून पाहिलं, एका फ्रेमला चमकली. स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू ढिले करून राहिला होता. स्प्रिंगवाली रायफल स्टॉकमध्ये ढिली झाली की कोणीही मारा, ग्रुप फाटतोच. डिक्कीवरच्या फिटिंगमध्ये ते परत आवळले. दुसरं म्हणजे छर्रे. पहिले दहा माझ्या निळ्या डब्यातले, दुसरे दहा त्याच्या जॅकेटच्या खिशातल्या चपट्या डबीतले, तोंडाकडून सपाट, एकसारखे, स्पर्धेवाले. अन् तिसरं, नळकांडं लावल्यावर तो बॅरल मोडताना हात नळकांड्याच्या मागं धरतोय, बॅरलला, दहाच्या दहा वेळा. त्याला माहीत होतं.

मी नाणं पाहत बसलो अन् त्यानं तेवढ्यात तीन गोष्टी बदलल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी स्कोप, नळकांडं सगळं काढलं, स्क्रू आवळले, तसल्या सपाट छर्ऱ्यांची डबी साडेआठशेला आणली. रायफलच्या साध्या ओपन साइटवर (स्कोपशिवाय) भाच्यानं २० मीटरवरून दहा मारले. नाण्याच्या बाहेर दोनच होते.

त्या डेमोवाल्याला फोन केला तर पहिल्यांदा म्हणे दादा तुमचा होल्ड, म्हणजे बंदूक धरणं, चुकतो. व्हिडिओचं सांगितलं तर गप्प, मग एकदम थंड आवाजात, "परत पाठवायचं तं पाठवा, पण ते पुढचं आयटम कुरिअरमध्ये पकडलं तर पाठवणाऱ्याचं नाव तुमचं राहते." अन् ब्लॉक. मी घाबरलो, खरंच सांगतो. बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या वस्तूंबद्दल कायदा लय कडक आहे हे वाचलेलं, आपणच आत जाऊ म्हणून दोन महिने चुप्प. रात्री गेटपाशी गाडी थांबली की उठून पाहायचो. बायको शेवटी म्हणे, एक तर वकिलाले विचारा नाही तर झोपू द्या.

शेजारी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक जण आहेत, त्यांना कापलेला पाइप दाखवला तर ते हसायलाच लागले. म्हणे यानं आवाज कमी होतो का? नाही ना? मग हा पाइप आहे. त्यानं तुम्हाला चोर बनवलं म्हणजे तुम्ही ओरडणार नाही. पण हेही म्हणाले की खरंच आवाज दाबणारी वस्तू निघाली असती तर प्रकरण वेगळं असतं, कोणी आवाज कमी होईल म्हणून काही विकत असला तर तिथूनच उठून यायचं होतं.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथं कळलं की ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो म्हणजे रक्कम पुढं सरकायच्या आधी अडवता येते. मी पाच महिन्यांनी करून राहिलो होतो. तरी तक्रार नोंदवली. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, बंदूक कसली, लायसन्स? रायफलचं बिल काढून दिलं, त्यावर .१७७ लिहिलेलं, तो विषय तिथंच संपला. ग्राहक आयोगातपण अर्ज टाकलाय, दोन वर्षांच्या आत टाकावा लागतो अन् ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट अन् भाच्याचा व्हिडिओ जोडलाय. कॅशच्या १० हजाराचा पुरावा शून्य. पहिली नोटीस पत्ता सापडत नाही म्हणून परत आली, आता अकाउंटवाल्या बाईच्या पत्त्यावर काढायला लावलीये.

मानेवाड्याच्या पोराला फोनवर यातलं अर्धं सांगितलं. जायचंच असलं तर स्वतःच्या छर्ऱ्यांची डबी घेऊन जा, एक चांगली नवीन घे, आधी अन् नंतर दोन्ही वेळा तीच वापरायला लाव, अन् रायफल पुसायला देऊ नको, असं म्हटलं. त्यानं खरंच त्या माणसाला तसं विचारलं. काल त्याचा स्क्रीनशॉट आलाय. समोरून उत्तर, "दादा डेमोला पेलेट आमचेच लागतील, बाहेरच्या पेलेटनं ब्रेकची वॉरंटी जाते."