अपाची नायफायमध्ये वेब सर्व्हिसची जोडणी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या संस्थेच्या डेटाबेसमधील सभासदांच्या नोंदी बाहेरच्या दोन वेब सर्व्हिसकडे पोहोचवण्याचे काम गेले काही महिने अपाची नायफाय या, एका प्रणालीतून दुसरीकडे डेटा वाहून नेणाऱ्या, मोफत साधनावर चालू आहे. त्यांपैकी एक सर्व्हिस जुन्या सोप (SOAP) पद्धतीची, म्हणजे एक्सएमएल या खुणांच्या भाषेत संदेश घेणारी आहे, तर दुसरी जेसन या साध्या मजकूर-स्वरूपातील डेटा स्वीकारणारी रेस्ट (REST) पद्धतीची आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की जोडणी करणे हा या कामातला सोपा भाग आहे. समोरून नकार आला, उशीर झाला किंवा काहीच उत्तर आले नाही, तर हातातल्या नोंदीचे काय करायचे हे आधी ठरवून ठेवणे हे खरे काम आहे, आणि त्यासाठी नायफायइतके उपयोगी मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही.

जोडणीसाठी इन्व्होकएचटीटीपी हा प्रोसेसर (नायफायमध्ये एकेक काम करणारा घटक) वापरावा लागतो. पत्ता, विनंतीची पद्धत आणि हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) भरले की तो तयार होतो. सोपसाठी वेगळा प्रोसेसर लागत नाही. आधीच्या टप्प्यावर एक्सएमएल मजकूर तयार करून तो पोस्ट पद्धतीने पाठवायचा आणि सोपअॅक्शन हे हेडर स्वतः जोडायचे, एवढे पुरते. पहिली अडचण बहुधा सर्टिफिकेटपाशी, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रापाशी, येते. ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडणारा पत्ता नायफायमध्ये मात्र विश्वासार्ह साखळी सापडत नाही अशी त्रुटी दाखवतो. अनेकदा याचे कारण असे असते की समोरचा सर्व्हर स्वतःच्या सर्टिफिकेटसोबत मधले सर्टिफिकेट (त्याला विश्वासू संस्थेशी जोडणारा दुवा) पाठवत नाही. कित्येक ब्राउझर ते स्वतःहून मिळवतात, पण जावा ते आपणहून आणत नाही, आणि नायफाय जावावर चालते. अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया मानू नये. समोरच्या चमूला साखळी पूर्ण करायला सांगावे, आणि तोवर मधले सर्टिफिकेट ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासार्ह सर्टिफिकेटांच्या साठ्यात) घालून तो ट्रस्टस्टोअर एसएसएल कॉन्टेक्स्ट सर्व्हिस या नायफायच्या सुरक्षित जोडणीच्या मांडणीत नोंदवावा.

यानंतरचा भाग अधिक विचार मागतो. इन्व्होकएचटीटीपीतून पाच वाटा निघतात : ओरिजिनल, रिस्पॉन्स, रिट्राय, नो रिट्राय आणि फेल्युअर. सर्व्हरच्या उत्तरात २०० च्या घरातील (यशाचा) कोड आला तर मूळ नोंद ओरिजिनलकडे आणि उत्तर रिस्पॉन्सकडे जाते, ५०० च्या घरातील (सर्व्हरच्या बाजूच्या चुकीचा) कोड रिट्रायकडे, ४०० च्या घरातील (पाठवणाऱ्याच्या बाजूच्या चुकीचा) नो रिट्रायकडे, आणि जोडणीच झाली नाही किंवा टाइमआउट झाला तर नोंद फेल्युअरकडे जाते. प्रत्येक वाटेचे काय करायचे हे सांगितल्याशिवाय प्रोसेसर सुरूच होत नाही. ही सक्ती मला या साधनाचा सर्वांत मोठा गुण वाटते, कारण हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नेमका हाच विचार उद्यावर ढकलला जातो.

पण ही वाटणी केवळ कोड पाहून होते, आणि सोप १.१ च्या बाबतीत ती फसवी ठरते. त्या प्रमाणकानुसार मजकुरात चूक असली तरी सर्व्हरने ५०० हाच कोड द्यायचा असतो. जन्मतारीख चुकीच्या स्वरूपात असलेली नोंद कितीही वेळा पाठवली तरी नाकारलीच जाणार, पण नायफायच्या दृष्टीने ती पुन्हा पाठवण्याजोगी ठरते, आणि रिट्रायची वाट त्याच प्रोसेसरकडे वळवली असेल तर ती अखंड फिरत राहते. शिवाय त्या वाटेवर मूळ नोंद असते, नकाराचे कारण सांगणाऱ्या मजकुराचा फक्त मर्यादित भाग तिला जोडलेल्या गुणधर्मात (अॅट्रिब्यूटमध्ये) मिळतो. म्हणून कोड कोणताही असला तरी उत्तर बाहेर काढण्याचा पर्याय चालू करून, त्या उत्तरात फॉल्ट, म्हणजे सोपचा त्रुटी सांगणारा भाग, आहे का आणि तो कोणाच्या बाजूचा आहे हे पुढच्या टप्प्यावर तपासणे आवश्यक आहे. सोप १.२ मध्ये पाठवणाऱ्याच्या चुकीसाठी ४०० हा कोड ठरलेला असल्यामुळे तिथे ही अडचण बरीच कमी होते.

रेस्टच्या बाजूला याच्या उलट घडते. ठरावीक वेळेत मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या गेल्या की सर्व्हर ४२९ हा कोड देतो. त्याचा अर्थ थोडे थांबून पुन्हा या, असा असतो, पण तो ४०० च्या घरातला असल्यामुळे नोंद नो रिट्रायकडे जाते. राउटऑनअॅट्रिब्यूट हा नोंदीच्या गुणधर्मांवरून वाट ठरवणारा प्रोसेसर लावून ४२९ वेगळा काढावा आणि अशा नोंदी काही काळ थांबवून परत पाठवाव्यात. हे केले नाही तर गर्दीच्या वेळी चांगल्या नोंदी नाकारलेल्या नोंदींत जमा होतात.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या कन्टेन्ट-टाइप या हेडरकडे विशेष लक्ष द्यावे. त्यात यूटीएफ-८ या अक्षरसंकेताचा उल्लेख नसेल तर काही जुने सर्व्हर मजकूर लॅटिन अक्षरांच्या संचात वाचतात, आणि सभासदांची देवनागरी नावे अगम्य चिन्हे होऊन साठवली जातात. उत्तर मात्र २०० येते, त्यामुळे नायफायच्या पडद्यावर सारे काही यशस्वी दिसते. चाचणीच्या नोंदींत जोडाक्षरांची आणि रफाराची नावे मुद्दाम ठेवावीत आणि ती समोरच्या बाजूला जाऊन वाचावीत.

सर्व्हिसमध्ये प्रवेशासाठी लागणाऱ्या टोकनबद्दल (तात्पुरत्या परवान्याबद्दल) फार सांगण्यासारखे नाही. ओऑथ टोकन मिळवणारी कंट्रोलर सर्व्हिस (प्रोसेसरांना सामायिक मदत करणारा घटक) मुदत पाहून नवे टोकन आणते आणि ते काम निमूटपणे होते. पासवर्ड पॅरामीटर कॉन्टेक्स्ट या मूल्यांच्या संचात संवेदनशील म्हणून ठेवावेत. फ्लो (प्रोसेसरांची पूर्ण मांडणी) निर्यात करताना ते सोबत जात नाहीत, त्यामुळे चाचणीच्या सर्व्हरवरून मुख्य सर्व्हरवर जाताना ते पुन्हा भरावे लागतात, आणि हे योग्यच आहे.

समोरची सर्व्हिस बंद पडते तेव्हा नायफायची बांधणी किती विचारपूर्वक केली आहे ते कळते. नोंदी डिस्कवरील रांगेत साठत जातात, आणि मूळ मांडणीनुसार रांगेत १०,००० फ्लोफाइल (नायफायमधून जाणाऱ्या नोंदी) किंवा १ जीबी मजकूर जमला की मागचा प्रोसेसर आपोआप थांबतो. सर्व्हिस सुरू झाली की काम जिथे थांबले तिथून पुढे चालू लागते. एखादी नोंद केव्हा गेली आणि काय उत्तर आले, हे प्रोव्हेनन्समध्ये (नोंदींच्या प्रवासाच्या इतिहासात) नोंदनिहाय पाहता येते. मजकूर अजून साठ्यात असेल तर तीच नोंद पुन्हा चालवताही येते. समोरच्या पक्षाशी मतभेद झाल्यावर या सोयीचे मोल मोठे आहे. मात्र त्याच पडद्यावर सभासदांची व्यक्तिगत माहितीही दिसते, म्हणून हा अधिकार मोजक्याच लोकांना द्यावा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीला जावा २१ लागते, आणि सर्व्हरला पुरेशी मेमरीही द्यावी लागते. रात्रीतून एकदा एक फाइल पाठवण्याइतकेच काम असेल तर एवढा पसारा मांडू नये, साधी स्क्रिप्ट पुरेल. आमच्याकडे नोंदी दिवसभर जात असतात, म्हणून तो सार्थ ठरला. कायमच्या नाकारलेल्या नोंदी आम्ही कारणासह डेटाबेसमधील वेगळ्या तक्त्यात उतरवतो, आणि सभासद विभागातील सहकारी तो तक्ता रोज पाहून दुरुस्त्या करतात, कारण जन्मतारीख बरोबर कोणती हे त्यांनाच सांगता येते.