थिंक टँक की पाण्याची चळवळ : सांगली-साताऱ्याच्या एम.ए. झालेल्या पोरांसाठी

दर पावसाळ्याच्या तोंडाला एक तरी फोन येतोच. बोलणारं खानापूर, जत, माण नाहीतर कोरेगावचं. अर्थशास्त्रात एम.ए., स्पर्धा परीक्षेचे दोन-तीन प्रयत्न देऊन दमलेलं. "सर, पुण्यातल्या धोरण-अभ्यासाच्या संस्थेत निवड झालीय. इकडं पाण्याच्या संघटनेलाही लिहिता-वाचता माणूस हवाय. कुठं जाऊ?" मी दोन्हीकडं वर्षं काढलीत. दर वेळी अर्धा तास तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी थिंक टँक. कागदावर ही सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी असते. काम म्हणजे सरकारी आकडे उपसायचे, गावोगाव प्रश्नावल्या भरायच्या, विधेयकाच्या मसुद्यावर हरकती-सूचना द्यायच्या, नियामक आयोगापुढं मांडणी करायची आणि आमदाराला गाडीत बसल्या बसल्या वाचता येईल असं चार पानांचं टिपण लिहायचं. तिच्यामागं ना मतं ना मोर्चा. ह्यांचा आकडा चुकत नाही, ही ख्याती एवढंच तिचं भांडवल.

आपल्याकडं हे नवं आहे असं समजू नका. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 साली उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा जमाखर्च या संस्थेनं पाहणी करून मांडला, तो स्वातंत्र्याच्या आधी. काळ्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत 1939 साली डॉ. आंबेडकर संघराज्य योजनेवर बोलले. गाडगीळ मात्र अहवाल लिहून थांबले नाहीत. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि पुढं नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. असा माणूस अपवादच. बहुतेकांची गाडी अहवालापाशीच थांबते.

थांबते ती कशी, हे मी पाहिलंय. आठ महिने खपून आम्ही एका सिंचन योजनेचा अहवाल केला. तक्ते तीनदा तपासले, इंग्रजी दोनदा सुधारून घेतलं. तो ज्यांच्या टेबलावर पोहोचायचा होता तिथं पोहोचला, तेव्हा निर्णय होऊन महिना उलटला होता. साहेबांनी चहा मात्र चांगला पाजला.

जमतं तेव्हा मात्र फार मोठं जमतं. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचं विजेवरचं काम बघा. मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावावर वीजमंडळ किती वापर दाखवतं आणि त्याआड किती गळती-चोरी लपते, हे त्यांनी वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांत आकड्यांनिशी मांडलं. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला 'फुकट वीज खाणारा' म्हणून शिव्या बसत, त्यातल्या काही तरी शिव्या खोट्या हिशोबावर उभ्या होत्या. सुनावणी ठरलेल्या तारखेला होते आणि आयोगाला लेखी कारणं द्यावी लागतात. अशा ठिकाणी अभ्यासाचा कागद खरोखर चालतो.

आता दुसरी बाजू. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेल्या कामगारांनी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. दुष्काळ का पडतो, याची गावोगाव पाहणी केली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उचलून नेत होते. त्यातली थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो, अशी मागणी पुढं आली. बळीराजा धरण उभं राहिलं ते असं. पाणी कुटुंबागणिक समान, भूमिहीनांनाही हक्क. आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखे इंजिनिअर मदतीला होते. म्हणजे अभ्यास इथंही होताच. फक्त प्रश्न गावानं विचारला होता. 1993 पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरू लागल्या, त्यांतही हेच दिसायचं. व्यासपीठावर घोषणा, आणि मागच्या खोलीत टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफूट पाण्याचा हिशोब.

रोजच्या कामातला फरक सांगतो. संस्थेत माझा तक्ता तपासायचा एक डॉक्टरेट झालेला सहकारी, लाल पेन घेऊन. संघटनेत तो तपासला पाटाच्या शेवटच्या टोकाच्या एका म्हातारीनं : "पाणी सोडलं म्हणता, मग माझ्या वाफ्यात का न्हाई आलं?" दोघांनीही मला खोटं पाडलंय. म्हातारीचं जास्त लागलं.

पैशाचं स्पष्ट बोलू. संस्थेत पगार बँकेत जमा होतो, पण तो ग्रँटवर. प्रकल्प संपला की करारही संपतो. परदेशी निधीवर पोसलेल्या संस्थेत जात असाल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या परवान्याच्या कायद्याखालची, स्थिती आधी विचारा. 2020 च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. दिल्लीतल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या 1973 पासूनच्या संस्थेचा परवाना 2023 मध्ये स्थगित झाला, जानेवारी 2024 मध्ये रद्दच झाला. तिथं काम करणाऱ्यांच्या अभ्यासाचा दर्जा त्या महिन्यात बदलला नव्हता. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा शाळेच्या खोलीला लवकर मिळतो, तक्त्याला फार उशिरा. खोलीवर पाटी लावता येते.

संघटनेत मानधन असतं किंवा तेही नसतं. वर्गणी, ऊसबिलाच्या वेळी मिळणारी देणगी, कुणाच्या तरी घरी जेवण. घरी बहिणीचं लग्न राहिलंय, वडिलांच्या नावावर सोसायटीचं कर्ज आहे, तर लाजू नका, पुण्याला जा. हा सल्ला मी कैक पोरांना दिलाय आणि कुणाला कमी लेखलं नाही.

संस्थेत तुमच्या नावानं काही छापून येईल, पुढं परदेशी शिष्यवृत्तीला ते उपयोगी पडेल. संघटनेत तुम्ही लिहिलेल्या निवेदनाखाली अध्यक्षांची सही असेल. त्याबदल्यात जीआर वाचणं, माहिती अधिकारात नेमका कागद मागणं, कार्यकारी अभियंत्याशी न चिडता भांडणं अंगात मुरतं. हे कुठल्याही फेलोशिपमध्ये शिकवून येत नाही.

घरची ओढाताण नसेल तर माझं मत एकच : आधी दोन वर्षं इथं संघटनेत, मग पुणे. उलट्या क्रमानं गेलेले परत येतात ते बहुतेक सर्व्हेच्या गाडीतून, दोन दिवसांसाठी. मीही त्यांतलाच होतो.

पुण्याचंच ठरलं असेल, तर मुलाखतीत दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षीचा ताळेबंद बघायला मिळेल का, आणि देणगीदाराला न आवडलेला एखादा अहवाल तुम्ही छापलाय का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा हसून विषय बदलतो की नाव घेऊन सांगतो, ते बघा. संघटनेतही हाच प्रश्न विचारता येतो. फक्त देणगीदाराच्या जागी कारखान्याचा चेअरमन घाला.