रोपांची हीट मॅट: थर्मोस्टॅट असेल तरच घ्या

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये मिरची आणि वांग्याची रोपं मेच्या शेवटच्या आठवड्याआधी बाहेर लावण्यात अर्थ नसतो. त्यामुळे बी मार्चच्या मध्यात घरातच पेरावं लागतं, आणि बहुतेकांची जागा म्हणजे १५-१६ अंश सेल्सियसचं बेसमेंट. एवढ्या थंडाव्यात मिरची उगवायला साधारण २५ दिवस घेते. माती २० अंशांवर असेल तर १२ दिवस, आणि २५ ते ३० अंशांवर जेमतेम आठ दिवस. हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवून माती गरम करणारी विजेची चटई, घ्यायची ती या फरकासाठी.

एका ट्रेची मॅट साधारण १० बाय २० इंचांची आणि १७ ते २० वॅटची असते. दिवसरात्र चालू ठेवली तरी रोज अर्धा युनिटसुद्धा वीज लागत नाही. ती खोलीच्या तापमानावर ५ ते १० अंशांची भर घालते, म्हणजे नेमकं तापमान ती धरून ठेवत नाही. बेसमेंटमध्ये तिच्यावरची माती २२-२३ अंशांवर अडकू शकते, तर गरम खोलीत, झाकण लावलेल्या ट्रेमध्ये तीच ३२ च्या वर जाते. म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅटची वीज बंद-चालू करणारं उपकरण, वेगळा विकत घ्यावा लागला तरी घ्या. मिरची-वांग्याला तो ८२ फॅरनहाइटवर, म्हणजे २८ सेल्सियसवर लावा.

चुका बहुतेक सेन्सरच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाला असलेल्या, तापमान मोजणाऱ्या भागाच्या होतात. तो मॅटवर ठेवला तर मॅट गरम होताच वीज बंद होते आणि माती थंडच राहते. मातीतून निसटून हवेत लोंबकळला तर त्याला थंड हवाच कळते, मॅट बंदच होत नाही आणि बी भाजून निघतं. तो ट्रेच्या मधल्या खणात, बियाच्या खोलीला, म्हणजे सेंटिमीटरभर आत खोचा आणि वायर ट्रेच्या काठाला टेपने घट्ट चिकटवा. मॅट ट्रेपेक्षा किंचित लहान असल्याने काठाचे खण जरा थंड राहतात. तिथे टोमॅटो पेरा, त्याला २० अंशांवरही आठ-नऊ दिवस पुरतात.

मॅट काँक्रीटच्या फरशीवर थेट ठेवू नका, बरीच ऊब फरशीच खाऊन टाकते. खाली इंचभर जाडीचा फोम बोर्ड घाला. मॅटची घडी घालू नका, आतली तार तुटते, ठेवताना गुंडाळा. पाण्याचा संबंध असल्यामुळे यूएल किंवा ईटीएलची (विजेच्या सुरक्षेची चाचणी झाल्याची) खूण पाहूनच घ्या, प्लग जीएफसीआय सॉकेटमध्ये (वीज गळताच ती लगेच तोडणाऱ्या) लावा आणि वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं.

खालून ऊब असल्यामुळे खणाचा तळ आधी सुकतो आणि वरची माती मात्र ओली दिसते. ट्रे उचलून वजनावरून अंदाज घ्या आणि पाणी खालच्या ट्रेमध्ये ओता.

निम्म्या खणांत कोंब दिसले की झाकण काढा, ट्रे मॅटवरून उतरवा आणि एलईडी दिवा चार-पाच इंचांवर आणून रोज १४ ते १६ तास चालू ठेवा. ऊब आहे पण उजेड कमी, असं झालं की रोपं लांबडी होऊन वाकतात; झाकणाखालच्या दमटपणात मातीलगत देठ काळं पडून कोलमडतात. ही मर एकदा लागली की पूर्ण ट्रे जातो.

कोथिंबीर, पालक आणि लेट्यूसला मॅट अजिबात नको. लेट्यूसचं बी ३० अंशांच्या पुढे बहुधा उगवतच नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मॅट रिकामीच असते, तेव्हा तिच्यावर भेंडी आणि दुधी घ्या. दोघांनाही २८-३० अंश मानवतात. मुळं हलवलेली खपत नाहीत, म्हणून प्रत्येक बी वेगळ्या, तीन इंची कुंडीत पेरा आणि तीन-चार आठवड्यांत मातीच्या गड्ड्यासकट बाहेर लावा.