सागरी मैल की किलोमीटर, समुद्रावर काय वापरायचं?

गोव्यातल्या मालीम जेटीवर ट्रॉलरवाले (मोठ्या मासेमारी बोटींवरचे) सागरी मैलात बोलतात आणि आपण काठावरचे किलोमीटरमध्ये, त्यामुळे दोन्हींची तुलना करावीशी वाटली. सागरी मैल १८५२ मीटरचा, १९२९ साली मोनॅकोतल्या परिषदेत ठरलेला, आणि तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा (अंशाचा साठावा भाग) बसतो हीच त्याची खरी ताकद! आता बघा, गोव्याचं उत्तर टोक साधारण १५ अंश ४८ मिनिटं, दक्षिण टोक १४ अंश ५४, फरक ५४ मिनिटं, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर सरळ ५४ सागरी मैल, गुणाकार नको काही नको. किलोमीटरमध्ये हेच साधारण १०० येतं पण त्यासाठी गणित करावं लागतं, आणि बोट हलत असताना चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) डिव्हायडर लावून बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर मोजणं कितीतरी सोपं (वरच्या रेखांशाच्या पट्टीवर मात्र कधीच मोजू नका, चुकीचं अंतर येतं). वेगही नॉट्समध्ये, दहा नॉट म्हणजे तासाला दहा सागरी मैल.

किलोमीटर टाकाऊ आहे असं नाही हां. गोव्यात ट्रॉलरला किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत बंदी, तो नियम किलोमीटरमध्येच आहे. पॅसिफिकमधला पॉइंट निमो, जमिनीपासून सगळ्यात लांबची समुद्रातली जागा, सुमारे २६८८ किलोमीटर म्हटलं की घरच्यांना लगेच कळतं, १४५० सागरी मैल म्हटलं तर नाही. पण बोटीवर असाल तर माझं मत सागरी मैलालाच.