पॅनल वायरिंगसाठी एआर चष्मा: आठ महिने वापरल्यानंतर

जळगाव एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनल, म्हणजे मशिनं चालू-बंद करायच्या विजेच्या पेट्या, बनवायचं युनिट आहे. दालमिल, चटईची मशिनं, पाइपचे एक्स्ट्रूडर, मोठे पंप, अशी कामं असतात. वायरिंग सेक्शन माझ्याकडे. गेल्या नोव्हेंबरात मालकांनी दोन एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी) चष्मे आणले, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवरच आकडे आणि रेघा दाखवणारे. ब्रँड लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका ब्रँडपुरतं नाही.

चष्म्याची काच पारदर्शक. पॅनलच्या प्लेटवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पत्र्यावर, एक क्यूआर कोड चिकटवायचा, त्यावरून तो जागा ओळखतो. मग डोळ्यासमोर वायरचा नंबर येतो आणि एका टर्मिनलपासून (वायर आवळायच्या जागेपासून) दुसऱ्यापर्यंत हिरवी रेघ दिसते. वायर लावून झाली की हवेत बोट दाबायचं, पुढची वायर येते.

आधीची पद्धत सगळ्या वायरमनला माहीत आहे. ड्रॉइंग टेबलावर, प्लेट स्टँडवर. ड्रॉइंग बघायचं, '२३ नंबर, के-टूच्या ए-वनवरून टर्मिनल १४' हे तोंडात घोळवायचं, वळायचं, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं. पुन्हा ड्रॉइंग. दीडशे वायरींच्या पॅनलमध्ये ही ये-जा किती वेळा होते, विचार करा. माणूस थकतो तो स्क्रू आवळून नाही, आकडे डोक्यात धरून ठेवून थकतो. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन केलंय: माहिती दोन जागी विभागलेली असेल तर ती जुळवण्यातच डोक्याची ताकद जाते. आणि 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' हा शब्द आला तोच मुळी विमानाच्या वायरिंगमधून. १९९०च्या सुमारास बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल नेमकं हेच दुखणं सोडवत होते.

चष्म्याने ते दुखणं खरोखर कमी केलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आयटीआयमधून नुकताच आलेला मुलगा दुसऱ्या आठवड्यात पूर्ण पॅनल एकटा वायर करू लागला. चुकीच्या टर्मिनलला गेलेली वायर टेस्टिंगला जवळजवळ सापडेनाशी झाली. संध्याकाळी मुलांचे चेहरे पूर्वीसारखे उतरलेले नसायचे.

तरी मला नुसत्या चेहऱ्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. मनावरचा ताण मोजायची 'नासा टीएलएक्स' नावाची एक पद्धत आहे, हार्ट आणि स्टेव्हलँड यांनी १९८८ साली मांडलेली. सहाच प्रश्न असतात: डोकं किती लागलं, अंग किती लागलं, घाई किती वाटली, काम किती जमलं, कष्ट किती पडले, चिडचिड किती झाली. ते मराठीत लिहून मी शिफ्टच्या शेवटी मुलांकडून भरून घेऊ लागलो. 'डोकं' खाली आलं, 'अंग' वर गेलं. मानेला सतत भार, कपाळावर पट्टा. आणि डोळे! अशा बऱ्याच चष्म्यांत चित्राचा फोकस साधारण दोन मीटरवर असतो, आपली प्लेट मात्र हातभर अंतरावर. डोळ्याला एकाच वेळी जवळचं आणि लांबचं सांभाळावं लागतं. तासाभराने मुलं डोळे चोळायला लागायची. आता पाऊण तासाला चष्मा काढायचा, असा नियम केलाय.

मेमध्ये तर विचारू नका. जळगावचं ऊन आणि पत्र्याची शेड. चष्मा तापायचा, स्वतःहून बंद पडायचा, घामाने काच धूसर व्हायची. शटरजवळच्या उजेडात रेघच दिसायची नाही. आम्ही वायरिंगची वेळ सकाळी सहाला आणली.

त्या फॉर्ममध्ये एक गोष्ट मला खटकली. एके दिवशी क्यूआर कोड थोडा सरकला होता आणि रेघ एक टर्मिनल बाजूला पडत होती. टर्मिनलची रुंदी जेमतेम पाच मिलिमीटर, एवढा फरक डोळ्याला कळत नाही. मुलाने तीन वायरी शेजारच्या टर्मिनलला लावल्या. टर्मिनलवर नंबर छापलेला, वायरच्या टोकावरच्या नळीवर, म्हणजे फेरूलवर, नंबर छापलेला, दोन्ही नाकासमोर. त्याने वाचलेच नाहीत, नजर रेघेवरच होती. आणि फॉर्ममध्ये 'काम किती जमलं' याला त्या दिवशी त्याने सगळ्यात चांगले गुण दिले होते. डोकं कमी लागलं की काम बरोबर झालं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आमचे अमळनेरचे काका, वायरिंगमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी तीन दिवसांत चष्मा काढून ठेवला. "माले वायर देखू दे भो, हाई रेघ नको." मला आधी वाटलं, जुनं खोड. पण काका चष्म्याशिवाय झपाझप जात होते आणि चष्म्यात अडखळत होते. त्यांच्या डोक्यात एकेक वायर नसतेच. स्टार-डेल्टा, म्हणजे मोठी मोटर आधी 'स्टार' जोडणीत सुरू करून मग 'डेल्टा' जोडणीत चालवायची पद्धत. ते म्हटलं की तीन कॉन्टॅक्टर (विजेने चालणारे स्विच), टायमर, ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणारा), सगळं एकदम उभं राहतं. चष्मा त्यांना ते सुट्या तुकड्यांत सांगत होता. नवख्याला ज्या सूचनेचा आधार होतो, तीच जाणत्याला अडचण होते, असं कल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या लेखात मांडलंय. मला ते काकांनी दाखवलं.

एप्रिलमध्ये चोपड्याच्या एका दालमिलमधून फोन आला. मोटर स्टारमध्ये छान सुरू होते, डेल्टाला गेली की ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. तो पॅनल ज्या मुलाने वायर केला होता, त्यालाच घेऊन गेलो. पॅनलमध्ये एकही चूक नव्हती. मुलाला विचारलं, "डेल्टात काय होतं?" तो म्हणाला, "दादा, सदतीसवरून एक्केचाळीसला वायर जाते." त्याने असे अकरा पॅनल बिनचूक केले होते.

मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. मोटरमध्ये तीन वाइंडिंग, म्हणजे तारेची तीन वेटोळी असतात. साइटवर केबल जोडताना त्यांच्या यू-टू आणि डब्ल्यू-टू या टोकांची अदलाबदल झाली होती. स्टारमध्ये यू-टू, व्ही-टू आणि डब्ल्यू-टू ही तिन्ही टोकं एकत्रच बांधलेली असतात, म्हणून चूक लपते. डेल्टात मात्र एका वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज येते, उरलेल्या दोन वाइंडिंग एकाच जोडीवर पडतात, आणि ओव्हरलोड उडतो. कागद काढून त्याला हे समजावलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "दादा, मला वाटत होतं मला येतं." मला फार लागलं ते. चूक त्याची नव्हती. चार महिने आम्ही त्याला ड्रॉइंग उघडायची वेळच येऊ दिली नव्हती.

तेव्हापासून पद्धत बदलली. नव्या मुलाने एका प्रकारचे पहिले दोन पॅनल चष्म्यावर करायचे. तिसरा ड्रॉइंगवर, लाल पेनाने एकेक रेघ खोडत. तो झाल्यावर चष्मा घालायचा तो फक्त तपासणीला, आणि नंबर मोठ्याने वाचून. फॉल्ट शोधताना चष्मा अजिबात नाही. वेग थोडा पडला, मालकांनी मान्य केलं.

घेऊ का, असं विचाराल तर: एकाच प्रकारचे पॅनल खूप निघत असतील, माणसं नवी असतील, शेड थंड असेल, तर जरूर घ्या. दर पॅनल वेगळा असेल तर प्रत्येकाची फाइल बनवण्यातच वेळ जाईल. सप्लायरकडे आम्ही एकच मागणी लावून धरली आहे: एकेक वायर न दाखवता पूर्ण सर्किट एका रंगात दाखवा, म्हणजे मुलाला वायर कुठे जाते याबरोबर कशासाठी जाते तेही दिसेल. चोपड्याला आलेला तो मुलगा आता दर शनिवारी काकांच्या शेजारी बसून स्टार-डेल्टा कागदावर काढतो. गेल्या शनिवारी त्याने न बघता काढला.