इंजिनचा ऑइल कूलर: बंपरमधला की ऑइल फिल्टरखालचा?

ऑइल टेम्परेचरचा गेज अजून बसवला नसेल तर आधी तो बसवा. कूलंटचा काटा मध्यावर शांत असतो आणि खाली चेंबरमधलं तेल १३० अंशांवर गेलेलं असतं, याचा त्याला पत्ताही नसतो. गेज लावल्यावर जोरात चालवूनही तेल १२० च्या आतच राहत असेल, तर कूलरचे पैसे ब्रेक पॅडवर घाला. पुढचं सगळं, काटा ज्यांना घाबरवतोय त्यांच्यासाठी.

माझ्याकडे दोन्ही प्रकार एकाच टर्बो पेट्रोल गाडीवर होऊन गेले. आधी तीन वर्षं बंपरच्या जाळीमागे हवेवर थंड होणारा १९ रोचा (म्हणजे एकावर एक १९ पोकळ प्लेटचा) कूलर, थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (फिल्टरखाली बसून, तेल तापलं की ते कूलरकडे वळवणारी चकती) आणि दोन लांब होज. आता इंजिन ब्लॉक आणि फिल्टरच्या मध्ये बसणारा, कूलंटवर चालणारा हीट एक्स्चेंजर. बऱ्याच इंजिनांना कंपनीतूनच असा एक छोटा येतो, हा त्याचाच थोरला भाऊ.

निव्वळ उष्णता बाहेर टाकण्यात हवेवाला पुढे, यात वाद नाही. सलग आठ-दहा लॅप मारले तरी माझा काटा १०५ च्या आसपास राहायचा. आता तो १२० ला टेकतो आणि मी निमूटपणे एक लॅप सावकाश घेतो. दिवस वेगळे, टायर वेगळे, उजव्या पायाचा मूड वेगळा, तेव्हा हे आकडे शपथेवर घेऊ नका. पण फरक आहे, आणि महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला तो पुरेसा आहे.

माझी गाडी वर्षातून चार-पाच दिवस ट्रॅकवर असते. उरलेले दिवस रस्त्यावर, आणि माझं बिनसलं ते तिथे.

थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८५ अंशांना उघडतो. पण बंद असतानाही थोडं तेल कूलरमधून फिरेल अशीच बहुतेक प्लेटची रचना असते, म्हणजे कूलरमध्ये हवा राहत नाही आणि थंडगार तेल एकदम इंजिनात येत नाही. चांगली सोय आहे. उन्हाळ्यात तिची आठवणही होत नाही. थंडीत मात्र मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात चाललो की काटा ७२ ला चिकटून बसायचा. कूलंट केव्हाच नव्वदीला पोचलेलं, तेल आपलं तिथेच. ८० होईपर्यंत ३,००० आरपीएमच्या वर रेस करायची नाही हा माझा नियम. पंचवीस मिनिटांचा प्रवास, त्यातली वीस मिनिटं काट्याकडे बघण्यात. मग ही गाडी घेतली कशाला?

महिन्याभरात फिलर कॅपच्या आत पिवळट साय धरली. हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट तेलात मिसळतंय, असं वाटून माझी झोप उडाली. निघाली नुसती ओल: तेल पुरेसं तापतच नव्हतं, मग पाणी उडणार कसं.

त्यावर जुना इलाज म्हणजे पुठ्ठा. कूलरच्या मापाचा कापला, चार झिप टायनी बांधला. थंडी पडली की गुडघ्यावर बसून लावायचा, ऊन वाढलं की काढायचा. दोन हिवाळे हे केलं. तिसऱ्यात एका ट्रॅकच्या दिवशी तो काढायचाच राहिला. चौथ्या लॅपला काटा १३४. आत आलो, बोनेट उघडलं, काही दिसेना. मग जाळीतून वाकून पाहिलं, तर पुठ्ठा जागच्या जागी, भिजून वाळल्यासारखा वाकडा झालेला. इंजिन वाचलं, तेल दुसऱ्याच दिवशी बदललं. चूक सर्वस्वी माझी. पण माझ्या आठवणीवर इंजिन अवलंबून असेल असा सेटअप मला नको, हे त्या दिवशी पक्कं झालं.

कूलंट तेलाच्या आधी तापतं. त्यामुळे फिल्टरखालचा एक्स्चेंजर सकाळी तेलाला ऊब देतो आणि दुपारी त्याचीच उष्णता काढून घेतो. आता कूलंटपाठोपाठ चार-पाच मिनिटांत मी ८० ला असतो. साय पुन्हा दिसलेली नाही.

बसवायलाही तो सुटसुटीत, पण दोन खोड्या आहेत. कूलंट हीटरच्या लाइनमधून घेणार असाल तर त्या लाइनवर व्हॉल्व्ह आहे का ते बघा. असेल तर हीटर बंद केल्यावर कूलरचं पाणीही बंद. आणि एक्स्चेंजर आतून फुटला तर तेल-पाणी एक होतं, म्हणून तिथे अनोळखी स्वस्त माल नको. शिवाय सगळा भार शेवटी रेडिएटरवर जातो. ट्रॅकवर तुमचं कूलंटच आधी वर जात असेल, तर माझं ऐकू नका आणि सरळ हवेवाला घ्या.

तो घेतलात तर खरी मेहनत होजमध्ये आहे. स्टीलच्या जाळीचे होज दिसतात झकास, पण जिथे घासतील तिथे करवतीसारखे कापतात. माझ्या एका होजने वायरिंगचं आवरण खाल्लं होतं. नायलॉनच्या वेष्टनाचे घ्या. कापल्यावर आतून नीट धुवा, कारण आत राहिलेला कण थेट बेअरिंगला जाऊ शकतो. फिटिंग आवळताना दोन पाने लागतात, एकाने अडॅप्टर धरायचा, नाहीतर कूलरचं तोंडच पिळतं. तोंडं जमेल तर वर ठेवा, हवा अडकत नाही. कूलरमागून हवा बाहेर पडायला वाट हवी, हे बहुतेक जण विसरतात. पहिल्यांदा इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपचा फ्यूज काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसता सेल्फ मारा. आणि तेल बदलताना कूलर-होजमधलं जुनं तेल बरंचसं तिथेच राहतं, या एका गोष्टीची मला शेवटपर्यंत चीड येत राहिली.

माझा जुना कूलर कपाटात पडून आहे, विकेन म्हणतो. वापरलेला घ्यायच्या विचारात असाल तर एवढं विचारा: ज्या गाडीवरून उतरवला तिचं इंजिन का उघडलं होतं? उत्तर बेअरिंग असेल तर फुकटही घेऊ नका. कूलरच्या त्या बारीक प्लेटमधले धातूचे कण कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत.